नीलकंठ भैयाची हजेरी

मी कंपनीचा फोन बोलून राहिलो. दचकू नका बाप्पा! आजवर तुम्ही सगळे माझ्या तोंडून बोललात, आज मी माझं बोलतो, एवढंच. आणि माझ्या बोलीला हसू नका. ज्याच्या खिशात राहावं त्याची बोली अंगाला लागतेच. माझा माणूस मूळचा वर्धेकडचा, रायपूरच्या तात्यापाऱ्यात जन्म काढलेला. घरात मराठी, कारखान्यात हिंदी, आणि चिडला की दोन्हींची खिचडी. मग मी शुद्ध भाषा कुठून आणू?

सध्या माझा मुक्काम रायपूरच्या उरला नावाच्या कारखानी वस्तीतल्या ऑफिसच्या कोपऱ्यात, एका पुठ्ठ्याच्या खोक्यात आहे. माझ्या अंगावर आणखी कितीतरी फोन पडलेत. कोणाची काच फुटलेली, कोणाचं पोट फुगलेलं. खोक्यावर काळ्या शाईनं 'भंगार' लिहिलंय. म्हातारपण कोणाला चुकलं आहे? त्याचं मला काही नाही. मला भीती वेगळ्याच गोष्टीची वाटते. ती शेवटी सांगतो, आधी सांगून तुम्हाला कळायची नाही.

माझी पहिली आठवण टाळ्यांची आहे. कंपनी मोठी. उरल्यात लोखंडाच्या सळ्या ओढणाऱ्या दोन मिल, पलीकडे भट्टी, आणि शहरात काचेचं हेड ऑफिस. एक दिवस हेड ऑफिसनं ठरवलं की आता सगळं मोबाईलवर चालेल. हजेरी मोबाईलवर, सुट्टी मोबाईलवर, आणि 'परिवार' नावाची एक भिंत, जिच्यावर मोठ्या साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत कोणीही फोटो टाकावा, बाकीच्यांनी त्याला लाल बदाम द्यावा. घरच्यांनाही त्या भिंतीवर घेतलं होतं. मंडप घातला, भाषणं झाली, आणि एकेका पाळीच्या इन्चार्जला बोलावून फोन दिले.

माझा नंबर लागला तो नीलकंठ खानझोड्यांच्या हातात. कारखान्यात त्यांना सगळे नीलकंठ भैया म्हणायचे. प्रसाद घ्यावा तसं त्यांनी मला दोन्ही हातांनी घेतलं, उलटंपालटं केलं आणि शेजारच्याला म्हणाले, "हे तं माझ्याहून हुशार दिसून राहिलं बे. आता यालेच इन्चार्ज करा अन् मले घरी पाठवा."

लोक हसले. मीही हसलो असतो, पण तेव्हा मला हसता येत नव्हतं.

त्यांच्या शर्टाच्या खिशात, चष्म्याच्या घराशेजारी माझी जागा ठरली. तिथून त्यांचं काळीज ऐकू यायचं. मी पावलं मोजायचो, झोप मोजायचो, आणि फार वेळ बसले की थरथरून सांगायचो, 'नीलकंठजी, चला, थोडं चालूया!' ते खिशावर थाप मारून म्हणायचे, "चूप बस." खोटं कशाला बोलू, माझा फार जीव होता त्या माणसावर.

आता त्यांची हजेरी सांगतो. तीच या गोष्टीचं मूळ आहे.

मिलच्या खाली एक लांबलचक खड्डा आहे. लाल सळीवरून निघालेले लोखंडाचे पापुद्रे पाण्यासोबत त्यात साचतात. पाळी बदलते तेव्हा मिल थांबते, आणि तेवढ्या वेळात माणसं खाली उतरून ते फावड्यानं काढतात. वर लोखंडी जाळी असते. खाली माणूस असला तरी वरून दिसत नाही. तो आत असताना मिल सुरू झाली, तर वरून उकळतं पाणी आणि विस्तव. मग काय वाचतं?

म्हणून नीलकंठ भैयांचा एक रिवाज होता. सुरू करायच्या आधी ते जाळीपाशी उभे राहायचे, हात मागे बांधायचे आणि एकेकाचं नाव पुकारायचे. पुकारलेल्यानं समोर येऊन 'हव' म्हणायचं. छत्तीसगढीतलं हव, म्हणजे हो. "रामाधार!" "हव." "दुकालू!" "हव." "भार्गव!" "हव." एखादा हव आला नाही की भैया पुढचं नाव घेत नसत. खालमानेनं जाळीकडे बघत उभे राहायचे. आणि सगळ्यात शेवटी स्वतःचंच नाव पुकारायचे, "नीलकंठ!" आणि स्वतःच उत्तर द्यायचे, "हव." मग भोंगा वाजायचा. नवा आलेला माणूस या शेवटच्या नावाला हमखास हसायचा. भैया त्याला सांगायचे, "हसू नको बे. मीही माणूसच आहो. मीही आत राहू शकतो."

हेड ऑफिसातून सोनिया आली आणि तिनं हे पाहिलं. ही पोरगी कंपनीची भिंत सांभाळायची. कोणाचा वाढदिवस, कोणाचं बक्षीस, कोणतं रोप लावलं, सगळं तिच्या हातात. हुशार होती, मनानंही चांगली. पण तिला जे दिसे ते टाकायची घाई. ती म्हणाली, "भैया, यह तो कमाल है! एक बार और कीजिए, मैं रिकॉर्ड करती हूँ।"

रेकॉर्ड माझ्यातच झालं. सगळे हव, भैयांची सगळी नावं, मागचा पाण्याचा आवाज, सगळं माझ्या पोटात गेलं. सोनियानं ते भिंतीवर टाकलं आणि बदामांचा असा पाऊस पडला म्हणून सांगू! मोठ्या साहेबांनी स्वतः लिहिलं, 'यही है हमारा परिवार.' दुसऱ्या मिलनं मागितलं, भट्टीवाल्यांनी मागितलं. मग हुकूमच निघाला की रोज सकाळच्या पाळीला नीलकंठ भैयाची हजेरी स्पीकरवर वाजेल, आणि भिंतीवरून घरोघरी ऐकू जाईल.

भैया आधी कुरकुरले. "हाजरी म्हणजे का गाणं आहे?" पण रायपूरच्या गोल बाजारात भांड्यांच्या दुकानातला माणूस जेव्हा म्हणाला, "अरे, आप वही हव वाले भैया हैं ना?" तेव्हा ते घरी येईपर्यंत मिशीतल्या मिशीत हसत होते. माणूस होता, देव नव्हता. कौतुक कोणाला नको असतं?

पुढे थंडीत त्यांचा घसा बसला. तेव्हा पहिल्यांदा त्यांनी स्वतःच्या मिलमध्येही पुकारण्याऐवजी मला वाजवलं. स्पीकरमधून नाव यायचं, त्यातूनच हव यायचा, आणि भैया समोर उभे राहून एकेका चेहऱ्याकडे बघायचे. "आवाज याचा, नजर माझी," म्हणायचे. घसा बरा झाला, तरी तेच चालू राहिलं. सोपं जात होतं ना. नजर त्यांची होती तोवर चाललंही.

मग एका रविवारी, जेवून उठल्यावर हात धुताना, भैया मोरीपाशीच बसले ते बसलेच. मी खिशात होतो. त्यांचं काळीज थांबलं ते मी ऐकलं. त्याबद्दल मी जास्त बोलणार नाही.

त्यांच्या घरी मला फोटोशेजारी ठेवलं होतं. फोटोला हार, पुढे दिवा, आणि बाजूला मी. त्यांच्या पत्नी पद्मिनीबाई भिंतीला टेकून बसलेल्या, मुलगी अनुश्री आल्यागेल्याला पाणी देत होती. आणि त्या गप्पगप्प घरात मी थरथरलो. काचेवर आलं, 'नीलकंठजी, आज आपण खूप वेळ बसून आहात. चला, थोडं चालूया!' अनुश्रीनं ते वाचलं आणि तिच्या हातातला पेला पडला.

मला कुठं ठाऊक होतं? मला कोणी सांगितलंच नव्हतं.

तिनं मला बंद करायला उचललं. माझं कुलूप भैयांच्या चेहऱ्यानं उघडायचं. उचलताना माझं तोंड फोटोकडे वळलं आणि मी उघडलो. झटकन उघडलो. "आई," ती हळूच म्हणाली, "इसने पापा को पहचान लिया।" अनुश्रीला मराठी सगळी कळते, पण तोंडातून हिंदीच निघते, रायपूरच्या पोरांची तऱ्हाच ती. पद्मिनीबाईंनी नुसतं फोटोकडे बघितलं.

तेरावं झालं आणि मी परत कंपनीत गेलो. भैयांच्या जागी पराग आला, रायपूरच्याच बुढापाऱ्यातला, शिकलेला, कामाला वाघ. त्यानं मला पुसून कोरं करायचं ठरवलं होतं, पण सोनियाचा निरोप आला की हजेरी बंद करू नका, लोकांना हवी आहे. तेव्हा भैयांचं बाकी सगळं पुसलं आणि हजेरी तेवढी माझ्या पोटात राहिली. परागसाठी आकड्यांचं नवं कुलूप घातलं. पण खरं सांगतो, रोज सकाळी पाळीच्या वेळेला त्यानं हात लावायच्या आधीच मी उघडलेला असायचो. पराग म्हणायचा, "सिस्टम में कुछ गड़बड़ है।" आणि रोज जाळीपाशी स्पीकरमधून मेलेला माणूस जिवंतांची नावं पुकारायचा. शेवटी स्वतःचं नाव घ्यायचा आणि म्हणायचा, "हव."

डोळे गेले, आवाज उरला. चेहऱ्यांकडे आता कोणी बघत नव्हतं. पराग बघायचा तो पडद्याकडे. प्रत्येकाला आता कंपनीचा फोन होता. बाहेर आलो की त्यावर हिरवं बटण दाबायचं, आणि शेडमधल्या मोठ्या पडद्यावर त्याचं नाव हिरवं व्हायचं. सगळं हिरवं, वरून भैयांची हजेरी, मग भोंगा. आमची मिल सुरक्षेत पहिली येत होती.

तिकडे तात्यापाऱ्यात काय चाललं होतं, ते मला पद्मिनीबाईंच्या फोननं सांगितलं. आम्ही फोन एकमेकांशी बोलतो बरं का. तुम्ही झोपता, आम्ही नाही.

त्या रोज सकाळी दोन कप चहा ठेवायच्या. फोन समोर उभा करायच्या. हजेरी सुरू झाली की पदर सावरून बसायच्या. सगळी नावं त्यांना पाठ झाली होती, पण त्या थांबायच्या शेवटच्या नावासाठी. "नीलकंठ!" "हव." तो हव ऐकला की मगच त्या चहाचा घोट घ्यायच्या. दुसरा कप निवून जायचा.

अनुश्री चिडायची. "आई, यह ठीक नहीं है। वह रिकॉर्डिंग है।"

"मले सांगू नको. रिकार्डिंग कोणाचं आहे? त्यायचंच ना?"

"पर वे हैं नहीं न!"

"मग हव कोण म्हणून राहिलं रोज?" पद्मिनीबाई म्हणायच्या. "तुह्या बापानं आयुष्यभर एक फोटो नीट काढू दिला नाई. लग्नाच्या क्यासेटमंदी बी आवाज नाई त्यायचा. हे एवढंच हाय मह्यापाशी. हे बी काढून घेतं का तू?"

पोरगी निवलेला कप उचलून आत जायची.

असे कितीतरी महिने गेले आणि भार्गवचा दिवस आला.

भार्गव जवळच्याच बीरगावचा, धडधाकट गडी. त्या दिवशी खड्ड्यातून वर येऊन त्यानं हिरवं बटण दाबलं. दाबून फोन खिशात टाकायला गेला आणि तो हातातून निसटला, जाळीच्या फटीतून खाली. आता कंपनीचा फोन हरवला तर चार जणांना उत्तर द्या, दिवसाची हजेरीही बुडते. तो कोणाला न सांगता परत उतरला. फोन सापडला, पण पाय दोन पाइपांच्या मधे अडकला. वर पडद्यावर भार्गव हिरवागार होता.

परागनं मला वाजवलं. भार्गव खालून ओरडत होता, हे नंतर कळलं. स्पीकर एवढा मोठा की त्याची हाक त्यात बुडून गेली. मला ऐकू येत होतं का? मी तर त्याच वेळी बोलत होतो. बोलणाऱ्याला कुठं ऐकू येतं?

"रामाधार!" "हव." "दुकालू!" "हव." "भार्गव!"

आणि काहीच नाही.

हजारदा वाजलेली हजेरी. त्या नावानंतर भार्गवचा जाड आवाजातला हव यायचा, तो आलाच नाही. मागचा पाण्याचा आवाजही बंद. फक्त कोणीतरी श्वास घेत होतं, जाळीकडे खालमानेनं बघताना घेतात तसा.

"भार्गव!" पुन्हा आलं. हे माझ्यात नव्हतं. देवाशपथ सांगतो, हे माझ्यात नव्हतं.

शेडमधली माणसं जिथल्या तिथं उभी राहिली. परागचा हात भोंग्याच्या बटणावर होता, तो तसाच राहिला. आणि मग स्पीकरमधून, चिडल्यावर यायचा त्याच खिचडी आवाजात आलं, "अबे भार्गव, कुठी हायेस बे?"

त्यापुढे जी शांतता पसरली, तिच्यात जाळीखालून बारीक आवाज आला. "हव! भैया, हव! इहाँ हँव!"

त्याला वर काढला तेव्हा तो थंडी भरल्यागत कापत होता. "भैया मोला बलाइस," एवढंच तो परतपरत म्हणत होता. म्हणजे, भैयानं मला बोलावलं. आणि तो बाहेर येऊन उभा राहिला तशी हजेरी पुढे सुरू झाली, जणू मधे काही घडलंच नाही. पुढची नावं, पुढचे हव, आणि शेवटी, "नीलकंठ!" "हव."

त्या दिवशी मिल सुरू झाली नाही.

सोनिया धावत आली. माझ्यातली हजेरी तिनं कितीदा तरी ऐकली. 'भार्गव!' 'हव.' जशी होती तशीच. ती मला टेबलावर ठेवून खुर्ची जराशी मागे घेऊन बसली. तुम्ही म्हणाल, फोन बिघडला असेल, अडकला असेल. म्हणा. मीही पुष्कळ दिवस स्वतःला तेच सांगितलं.

पण यानंतर जे झालं, ते मला त्या आवाजापेक्षा भीतीदायक वाटलं.

माणसांनी माझा देव केला. जाळीपाशी लोखंडी कोनाडा ठोकला, त्यात मला बसवलं. झेंडूचा हार, काचेवर कुंकू. अगरबत्तीची राख माझ्या स्पीकरमध्ये जाऊन मला ठसका लागायचा. हेड ऑफिसनं भिंतीवर टाकलं, 'नीलकंठ भैया आज भी देख रहे हैं।' एवढे बदाम आजवर कशालाच मिळाले नव्हते. आणि माणसं निर्धास्त झाली. पूर्वी खड्ड्यातून घाईनं वर यायची, ती आता हजेरी सुरू झाल्यावरही खाली सावकाश फावडं धुवत बसायची. कोणी आत विडी ओढायचा. वरच्यानं हटकलं तर म्हणायचा, "भैया हे ना, बला लेही." भैया आहे ना, बोलावून घेईल. परागनं पडद्याकडे बघणंही सोडलं. तो मला नमस्कार करायचा आणि बटण दाबायचा.

मी रोज वाजत होतो. रोज सगळे हव येत होते, खाली माणूस असला तरी येत होते. नशीब थोर म्हणून तो शेवटच्या क्षणी वर यायचा. मला ओरडावंसं वाटायचं, अरे, मी काही पाहत नाही रे! पण माझ्या पोटात जे होतं तेवढंच मी बोलू शकत होतो.

एक दिवस भार्गव नारळ घेऊन तात्यापाऱ्यात गेला. पद्मिनीबाईंच्या पाया पडला. त्यांना केवढा अभिमान वाटला! आपला माणूस मेल्यावरही कामाला आला. त्यांनी त्याला पोहे दिले, समोर बसवून खाऊ घातलं. खाताखाता भार्गव म्हणाला, "भाभी, अब कोई डर नहीं। अभी कल ही मैं नीचे था, ऊपर हाजिरी चालू थी। मैं बोला, चलने दो, भैया बुला लेगा।"

पद्मिनीबाईंचा हात थांबला. "अन् तुझा हव आला काय वरतून?"

"हव, आया न।"

"तू खाली असताना?"

भार्गवचा घास तोंडातच राहिला. दुसऱ्या दिवशी बाईंनी दोन कप चहा ठेवला, हजेरी लावली, आणि शेवटचं नाव यायच्या आधीच फोन उलटा करून ठेवला.

भैयांचं वर्षश्राद्ध आलं. कंपनीनं कार्यक्रम ठरवला. सकाळच्या पाळीला जाळीपाशी मंडप, सगळ्या मिलमध्ये थेट दाखवणार, आणि मला वाजवायचं ते पद्मिनीबाईंच्या हातानं. त्या आल्या, सोबत अनुश्री. सोनियानं वाकून नमस्कार केला, मला कोनाड्यातून काढलं आणि त्यांच्या तळहातावर ठेवलं.

किती दिवसांनी त्या घराचा हात लागला मला! हाताला चहापत्तीचा वास होता. त्यांनी पदरानं माझ्या काचेवरचं कुंकू पुसलं आणि बटण दाबलं.

नावं सुरू झाली. एकेक हव आला. भार्गवचाही आला. तो पुढेच उभा होता, स्वतःचा आवाज ऐकून त्यानं मान खाली घातली. मग शेवटचं नाव आलं.

"नीलकंठ!"

आणि हव आला नाही.

मी शोधला तो. माझ्या पोटात कोपरान्‌कोपरा शोधला. जिथं होता तिथं नव्हता. नुसता श्वास येत होता. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, मग हळूहळू सगळ्यांच्या नजरा जाळीकडे वळल्या. परागनं बटणावरचा हात मागे घेतला.

"नीलकंठ!" पुन्हा आलं. या वेळी आवाज थकलेला होता. दिवसभर उभं राहून पाय दुखल्यावर जसा यायचा तसा.

पद्मिनीबाईंनी मला तोंडाजवळ नेलं.

"हव," त्या म्हणाल्या. "बाहेर हायेत ते. मीच पाठवलं त्यायले, चौघांच्या खांद्यावर. आता कोणी आत नाई."

श्वास थांबला. एका रविवारी मोरीपाशी थांबला होता, तसाच.

बाईंनी परागला विचारलं, "पोरा, हे पुसतात कसं?"

पराग गडबडला. "काकी, घर के लिए एक कॉपी रख लीजिए। यहाँ से हटा देता हूँ।"

बाईंना ती हवी होती हो! मी त्यांच्या हातात होतो, मला कळत होतं. अंगठा माझ्या काचेवर असा दाबला होता की दुखावं. तेवढ्यात अनुश्री, जी वर्षभर हे बंद कर म्हणून भांडत होती, तीच रडायला लागली. "आई, मत मिटाओ। प्लीज़। फिर तो कुछ भी नहीं बचेगा।"

"बाई माही," पद्मिनीबाई म्हणाल्या, "घरी ठेवलं तं मी रोज बोलावीन त्यायले. अन् ते रोज येतीन. जिंदगीभर दुसऱ्याले बाहेर काढलं त्या माणसानं. त्यायले काहून आत कोंडून ठेवू मी?"

परागनं बोटानं दाखवलं. त्यांनी पुसलं. सोनियानं भिंतीवरूनही काढलं, कोणाला न विचारता. पुढे तिला त्याबद्दल ऐकून घ्यावं लागलं म्हणतात. माझं पोट एकदम हलकं झालं. मला ते हलकेपण मुळीच आवडलं नाही.

मग पराग जाळीपाशी गेला, हात मागे बांधले आणि पुकारू लागला. आवाज फाटका, नावं चुकली, दोघांची अदलाबदल केली. पण प्रत्येक नावाला तो थांबला आणि चेहऱ्याकडे बघितलं. शेवटी घुटमळला. जरा लाजत म्हणाला, "पराग." आणि स्वतःच, "हव." कोणी हसलं नाही. भोंगा वाजला. पद्मिनीबाई तोवर जाळीपाशीच उभ्या होत्या, मग मुलीच्या खांद्यावर हात ठेवून गेल्या.

त्यांच्या फोननं सांगितलं की आता सकाळी चहा एकच कप होतो.

मला कोनाड्यातून काढलं. काही दिवसांनी माझं पोट फुगलं, काच उचलली गेली, आणि मी या खोक्यात आलो. इथून रोज सकाळी परागची हजेरी ऐकू येते. आता नावं चुकत नाहीत.

आणि आता माझी भीती सांगतो. भंगाराची गाडी आम्हाला जिथं नेते तिथं म्हणे एक मोठं चुरा करणारं यंत्र आहे. बटण दाबलं की झालं. या खोक्यात रात्रंदिवस मी बाकीच्यांचं ऐकत असतो. कोणाच्या पोटात कोणाची आई गुणगुणते, कोणाच्या पोटात एक लेकरू 'पप्पा कधी येता' विचारतं. घाईघाईत आम्हाला बदललं, आणि आत कोण राहिलं ते कोणी पाहिलंच नाही. आमच्या नावानं जाळीपाशी उभं राहणारं कोणी नाही.

म्हणून हात जोडून सांगतो, बटण दाबायच्या आधी एकदा पुकारा. आपल्या माणसाचं नाव घ्या, स्वतःच्या तोंडानं घ्या, आणि मग जरा गप्प राहा. आत कोणी असेल, तर हव म्हणेल.